आईच्या आईच्या आईचं नाव

(भाट्ये इथे भरलेल्या महिला कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)

मैत्रिणींनो,

बोलायला सुरुवात करण्याआधी तुम्हाला एक काम देते. समोरच्या कागदावर आपलं नाव लिहा. त्याखाली आईचं, त्याखाली आईच्या आईचं, आणि त्याखाली तिच्या आईचं. सासरी बदललेलं नाव नको, 'सौभाग्यवती अमुक तमुक' असंही नको. बारशाला तिच्या कानात सांगितलेलं नाव लिहा.

आजीपर्यंत बहुतेकींनी लिहिलं. पणजीपाशी पेनं थांबली. आता कागद उलटा करा आणि वडिलांकडची ओळ लिहा. वडील, आजोबा, पणजोबा. बघा, किती भराभर लिहिलंत! पणजोबांचं नाव सातबाऱ्यावर आहे, जुन्या खरेदीखतात आहे, काहींच्या बाबतीत देवळाच्या पायरीवर कोरलेलं आहे. ते विसरायची सोयच नाही. पणजी मात्र या सगळ्या कागदांच्या फटीतून गळून पडली.

तुम्हाला खजील करायला हे करून घेतलं नाही. दोन वर्षांपूर्वी माझंही पेन तिथेच थांबलं होतं. मी समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण घेतलं. वस्त्यांमधून फिरून शेकडो बायकांची कुटुंबपत्रकं भरली. प्रत्येक पत्रकात पहिला रकाना 'कुटुंबप्रमुखाचं नाव' असा, आणि त्यावर मी शिबिरांमधून तावातावाने बोलतही असे. पण माझ्या आईच्या आईच्या आईचं नाव मला सांगता येत नव्हतं. तिचं माहेर तेवढं ठाऊक होतं. ते याच गावातलं, या भाट्यातलं. म्हणूनच इथे बोलायला बोलावलंत तेव्हा मी लगेच हो म्हटलं.

आमच्याकडे तिचा एकच फोटो आहे. पणजोबा खुर्चीवर बसलेले, डोक्यावर टोपी, हातात काठी. पणजी मागे उभी, नऊवारीत, नजर जमिनीकडे. फोटोच्या मागे शाईने पणजोबांचं पूर्ण नाव लिहिलंय आणि पुढे एकच शब्द आहे: 'सहकुटुंब'. त्या एका शब्दात पणजी बुडून गेली. आणि फोटोच्या अगदी डाव्या कडेला, दाराच्या चौकटीपाशी, आणखी एका बाईचं कोपर आणि अलवणाची कड दिसते. फोटो काढणाऱ्याने तिला बाजूला व्हायला सांगितलं असणार आणि ती पुरती बाजूला झाली नसणार. "ही कोण?" असं मी लहानपणी विचारलं होतं. "ती कुणी नाही गं," असं उत्तर मिळालं. ती 'कुणी नाही' तुम्ही लक्षात ठेवा. तिच्याकडे मला शेवटी परत यायचंय.

आजीला मी विचारलं, "तुझ्या आईचं नाव काय?" आजी म्हणाली, "आम्ही तिला वहिनी म्हणायचो." एकत्र कुटुंबात दीर-नणंदा वहिनी म्हणत, म्हणून पोटची मुलंही आईला वहिनीच म्हणत. तुमच्यापैकी कितीजणींच्या घरी हे असं होतं? बऱ्याच माना हलतायत. सासरी तिचं नाव लक्ष्मी ठेवलं होतं, एवढं आजीला आठवत होतं. गावातल्या निम्म्या सुनांचं नाव लक्ष्मीच असेल. माहेरचं नाव काय, ते आजीलाही माहीत नव्हतं.

आपल्याकडे वंश नोंदवून ठेवायची परंपरा नाही असं कुणी म्हणू नये. भरपूर आहे. काही घराण्यांनी जाडजूड कुलवृत्तान्त छापले. त्र्यंबकेश्वराच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांमध्ये पिढ्यान् पिढ्यांच्या यजमानांची नावं सापडतात. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी घरोघर येऊन वंश वाचून दाखवतात. पण या नोंदी प्रामुख्याने पुरुषाकडून पुरुषाकडे जातात. सून येते ती कुणाची तरी पत्नी म्हणून, आणि लेक लग्न होऊन गेली की तिची फांदी तिथेच खुडली जाते. पितृपक्षातल्या तर्पणाचंच बघा. आई, वडिलांची आई आणि वडिलांची आजी यांना पाणी मिळतं. आईचे वडील, आजोबा, पणजोबा यांनाही त्यांच्या पत्नींसह मिळतं. पण आईच्या आईची आई? ती या यादीत कुठेच बसत नाही. ज्या बाईपासून आपण सरळ रेषेत आलो, तिला घोटभर पाणीसुद्धा नाही.

आणि गंमत अशी आहे मैत्रिणींनो, की कागदाने टाकून दिलेली हीच ओळ शरीराने मात्र जपून ठेवली आहे. तेच आज मला तुम्हाला सांगायचंय. डीएनए हा शब्द आता मालिकांमधूनही ऐकू येतो, पण तो काय काम करतो हे आपण बायकांनी नीट समजून घ्यायला हवं. कारण हे हत्यार दोन्हीकडून चालतं.

आपल्या शरीरातल्या पेशींमध्ये डीएनए असतो. त्यातला बहुतेक भाग आईकडून निम्मा आणि वडिलांकडून निम्मा येतो, दर पिढीला पत्ते पिसल्यासारखा पिसला जातो. पण दोन तुकडे सहसा पिसले जात नाहीत. एक म्हणजे वाय गुणसूत्र. ते बापाकडून मुलाकडे जातं. दुसरा तुकडा पेशीच्या केंद्राबाहेर, मायटोकॉन्ड्रिया नावाच्या बारीक कणांमध्ये असतो. पेशीला लागणारी ऊर्जा तयार करणाऱ्या या जणू चुली आहेत. त्यांच्यात डीएनएची एक छोटीशी पोथी असते, १६,५६९ अक्षरांची. ही पोथी फक्त आईकडून येते. आई ती मुलगा-मुलगी दोघांना देते, पण पुढे देणं फक्त मुलीच्या हाती असतं.

मी वस्तीत हे सांगते तेव्हा विरजणाचं उदाहरण देते. कालच्या दह्यातलं चमचाभर आजच्या दुधाला, आजच्यातलं उद्याच्याला. घरातले सगळेच दही खातात, मुलगेही खातात. पण समजा, विरजण पुढच्या घरी न्यायचं ते लेकीनेच, असा रिवाज आहे. मग आडनावं बदलली, गावं बदलली, भांडी बदलली तरी विरजण तेच राहणार. तुमच्यातलं हे विरजण तुमच्या आईच्या आईच्या आईचं आहे. आणि १९८७ साली अमेरिकेतल्या तीन शास्त्रज्ञांनी जगभरातल्या माणसांच्या या पोथ्या ताडून पाहिल्या तेव्हा त्या सगळ्यांची मुळं आफ्रिकेतल्या एका बाईपाशी जाऊन पोचतात असा निष्कर्ष काढला. तेव्हा ती काही एकटीच बाई नव्हती. लेकीच्या लेकीची अशी तुटली नाही ती ओळ तिची, एवढंच.

आता जरा खिडकीतून बाहेर बघा. सुरूचं बन, त्यापलीकडे भाट्याची खाडी, आणि खाडीपलीकडच्या उंचवट्यावर रत्नागिरी शहर. तिथे थिबा राजाचा वाडा आहे. आपण पाहुण्यांना तो दाखवायला नेतो, थिबा पॉइंटवरून ही खाडी दाखवतो. ब्रह्मदेशाच्या या शेवटच्या राजाला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केलं, आधी मद्रासला नेलं आणि १८८६ साली रत्नागिरीला आणून ठेवलं. १९१६ च्या डिसेंबरमध्ये तो इथेच वारला. राजा आणि राणी सुपयालत यांची छायाचित्रं अनेक पुस्तकांत छापलेली आहेत. भरजरी पोशाख, दागिने, सगळा थाट. पण मला तुम्हाला त्यांच्या थोरल्या मुलीबद्दल सांगायचंय.

ही मुलगी मंडालेहून इथे आली तेव्हा पाच-सहा वर्षांची होती. तिचं सगळं तारुण्य या गावात, नजरकैदेसारखं गेलं. योग्य वर राजघराण्यातलाच हवा, आणि राजघराणं तर समुद्रापलीकडे. वय वाढत गेलं. पुढे घराण्याच्या पहाऱ्यावर असलेला गोपाळ सावंत, आधीच लग्न झालेला, त्याच्यापासून तिला दिवस गेले. १९०६ साली मुलगी झाली. तिचं नाव टुटू. १९१९ साली राजाचं कुटुंब ब्रह्मदेशात परत गेलं, पण थोरली राजकन्या आपल्या लेकीला घेऊन पुन्हा रत्नागिरीला आली आणि १९४७ साली इथेच वारली. टुटूने इथेच संसार केला, मुलंबाळं वाढवली, हयात गरिबीत काढली. भाषा मराठी, घर कोकणी. २००० साली ती गेली. सुधा शाह यांच्या २०१२ सालच्या इंग्रजी पुस्तकात या सगळ्या कुटुंबाची कहाणी सविस्तर आली आहे.

टुटूची ओळख नेहमी 'थिबा राजाची नात' अशीच करून दिली जाते. पण आत्ता सांगितलेलं विरजण आठवा आणि नीट विचार करा. थिबाची ती पोथी थिबाबरोबर संपली, कारण तो पुरुष होता. टुटूच्या अंगात जी आली ती सुपयालतची. सुपयालतच्या अंगात तिच्या आईची, जिने १८७८ साली थिबाला गादीवर बसवण्यात पुढाकार घेतला होता. आणि टुटूने ती आपल्या लेकींना दिली. म्हणजे मंडालेच्या राजवाड्यातल्या राण्यांची ओळ इथल्या कोकणी घरांतून, चुलीपुढे बसणाऱ्या बायकांतून पुढे गेली. टुटूच्या जन्माबद्दल कुणाला शंका नव्हती, त्यासाठी कुणाची तपासणी करायची गरजही नाही. प्रश्न पुराव्याचा नव्हताच, मान्यतेचा होता. २०१२ च्या डिसेंबरमध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला येऊन थिबाच्या समाधीपुढे नतमस्तक झाले. ते योग्यच झालं. पण लग्नाशिवाय आई झालेली आणि तरी लेकीला न टाकलेली ती राजकन्या, तिच्या धैर्यापुढे कोण वाकलं? आपल्याकडे तिची गोष्ट अजूनही 'भानगड' म्हणून, आवाज खाली आणून सांगितली जाते.

आईकडच्या ओळीने इतिहासातल्या बायकाही शोधून दिल्या आहेत. आपल्या शेजारच्या गोव्यातलंच उदाहरण घ्या. जॉर्जिया देशाची राणी केतेवान हिला १६२४ साली इराणात शिराझला, धर्म बदलायला नकार दिला म्हणून हाल करून मारलं. ऑगस्टिनियन पंथाच्या धर्मगुरूंनी तिच्या अस्थींचा काही भाग गोव्याला आणून पुरला. लिस्बनच्या एका मठात टाइल्सवर तिच्या मृत्यूचं चित्र आहे, पण ते चित्र म्हणजे चितारणाऱ्याची कल्पना. जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टिनच्या पडक्या चर्चमध्ये पुरातत्त्व खात्याला एक हाड सापडलं. ते कुणाचं? हैदराबादच्या 'सीसीएमबी' या संशोधन संस्थेने त्यातली ही आईकडची पोथी वाचली. भारतात तपासलेल्या हजारो नमुन्यांत तसा गट मिळाला नाही, जॉर्जियातल्या लोकांत मिळाला. २०२१ साली भारत सरकारने ते अवशेष जॉर्जियाला दिले. राणी आईच्या ओळीने ओळखली गेली.

दुसरं उदाहरण इंग्लंडचं. तिसरा रिचर्ड राजा १४८५ साली लढाईत मेला. २०१२ साली लेस्टर शहरात मोटारी उभ्या करायच्या जागेखाली एक सांगाडा सापडला. तो राजाचाच का, हे ठरवायला राजाच्या बहिणीपासून लेकीच्या लेकीची ओळ पाचशे वर्षं खाली आणत संशोधक दोन जिवंत माणसांपर्यंत पोचले. त्यातला एक सुतारकाम करणारा होता. पोथी जुळली. मग कागदोपत्री राजाच्या पुरुष-वंशातले मानले जाणारे पाच गृहस्थ तपासले. त्यांच्यातल्या एकाचंही वाय गुणसूत्र राजाशी जुळलं नाही! मधल्या पिढ्यांत कुठेतरी कागदावरचा बाप आणि खरा बाप वेगळा होता. ढाली, शिक्के, मोठमोठी तैलचित्रं ज्या ओळीची, ती तुटकी निघाली. आणि जिची नावं दर पिढीला लग्नाने पुसली गेली, ती शाबूत निघाली.

हे ऐकून हसू येतं, पण यातच आपल्या दुःखाचं मूळही आहे. पुरुषाच्या वंशावळीचा सगळा भरवसा शेवटी बाईच्या शब्दावर असतो. म्हणून तर तिच्यावर पहारा. उंबरठा, पदर, लहान वयात लग्न, विधवेचं केशवपन, हे सगळं त्या भरवशासाठीच. आणि आता पहारा करायला प्रयोगशाळा आली आहे.

आमच्या केंद्रात आलेल्या एका मैत्रिणीची हकिगत सांगते. नाव, गाव बदललंय. तिला शालू म्हणू. पहिली मुलगी झाली, रंगाने उजळ. सासूने एकदा म्हटलं, "आमच्यात असं कुणी नाही." भिंतीवरचे फोटो दाखवून झाले, कुणाचं नाक कुणाचं कपाळ याचा पंचनामा झाला. जुन्या फोटोंचा असाही उपयोग होतो! मग नवरा म्हणाला, "डीएनए कर, तरच घरात ये." आमच्या बैठकीत मोठा वाद झाला. आम्ही म्हटलं, तू परीक्षा का द्यायचीस? शालू म्हणाली, "ताई, तुम्हाला तत्त्व दिसतंय. मला माझी मुलगी दिसतेय. मी भीत नाही, होऊ दे तपासणी." आमच्याकडे त्यावर उत्तर नव्हतं. तपासणी झाली. मुलगी त्याचीच निघाली. आम्हाला वाटलं, सुटली बिचारी. दोन महिन्यांनी तो म्हणाला, "एक मूल माझं असेल, बाकीचं कुणी पाहिलंय?" त्या दिवशी मला कळलं, संशयाला पुरावा लागत नाही आणि पुराव्याने तो जातही नाही. शालूने मग स्वतःच घर सोडलं. तो अहवाल तिने ट्रंकेत तळाशी ठेवलाय. ती म्हणते, "मुलीच्या हाती कधी पडला तर तिला काय वाटेल? आपल्या आईला हे करावं लागलं, असंच ना?"

म्हणून कायदा काय म्हणतो तेही सांगते. कार्यकर्तींना हे तोंडपाठ हवं. कायदेशीर लग्न टिकून असताना झालेलं मूल नवऱ्याचंच मानायचं, हे तत्त्व १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम ११२ मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यात तेच कलम ११६ मध्ये आहे. नवरा-बायकोचा त्या काळात संबंध येणं शक्यच नव्हतं असं दाखवता आलं तरच ते मोडतं. नुसता संशय आहे म्हणून ऊठसूट रक्ततपासणीचा आदेश देता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली सांगितलं. २०१४ साली महाराष्ट्रातल्या एका पोटगीच्या प्रकरणात तपासणी होऊन गेली होती, तेव्हा न्यायालयाने तिचा निष्कर्ष कायद्याच्या गृहीतापेक्षा वरचढ मानला. म्हणजे एकदा तपासणी झाली की परतीची वाट नाही, हे ध्यानात ठेवा. आणि २०२३ साली पुन्हा स्पष्ट केलं की घटस्फोटाच्या भांडणात मुलाला सरसकट डीएनएच्या तपासणीला जुंपता येणार नाही, मुलाच्या खाजगीपणाचाही विचार करावा लागेल. तेव्हा कुणी 'डीएनए कर' म्हणून धमकावलं तर बाईला सांगा: नवऱ्याच्या, सासूच्या, गावकीच्या सांगण्यावरून हे करायला तू बांधील नाहीस. आधी वकिलाला विचार. निर्णय मात्र तिचा. आपण तिच्या बाजूला उभं राहायचं, तिच्या जागी नाही.

या शास्त्राचा बाईच्या बाजूने वापर कसा होतो तेही बघा. दक्षिण अमेरिकेत अर्जेंटिना देशात १९७६ ते १९८३ लष्करी हुकूमशाही होती. हजारो तरुण-तरुणी उचलून नेऊन नाहीसे केले. गर्भार मुली कैदेत बाळंत झाल्या, त्यांना मारून टाकलं आणि बाळं परस्पर वाटून टाकली, काही तर लष्करी अधिकाऱ्यांच्याच घरी. अशी सुमारे पाचशे बाळं असावीत, असा या बाळांच्या आज्यांचा अंदाज. १९७७ साली या आज्या एकत्र आल्या. हातात मुलांचे फोटो घेऊन चौकात उभ्या राहू लागल्या. पण नातवंडं ओळखायची कशी? आईबाप तर उरलेच नाहीत. आज्या देशोदेशींच्या शास्त्रज्ञांकडे गेल्या आणि त्यांनी विचारलं, "आमच्या रक्तावरून आमचं नातवंड ओळखता येईल का?" मेरी-क्लेअर किंग नावाची अमेरिकन शास्त्रज्ञ बाई त्यांच्या मदतीला आली. मधली पिढी नसली तरी आईच्या आईची पोथी नातवंडात जशीच्या तशी असते, हेच तिथे उपयोगी पडलं. १९८७ साली या कामासाठी राष्ट्रीय जनुकपेढी उभी राहिली. आतापर्यंत १३० हून जास्त नातवंडांची ओळख पटली. संशय घेण्यासाठी नाही, तर हिरावलेलं परत मिळवण्यासाठी आज्यांनी हे शास्त्र राबवलं. हत्यार तेच, हात वेगळा.

आता माझ्या पणजीकडे येते. माझा मावसभाऊ अमेरिकेत असतो. त्याने हौसेने एका कंपनीकडे लाळ पाठवली. त्याची आई आणि माझी आई सख्ख्या बहिणी, म्हणजे त्याच्यातली पोथी आणि माझ्यातली पोथी एकच, आमच्या पणजीचीच. त्याचा उत्साहाने फोन आला, "ताई, आपली आईकडची ओळ एम गटातली!" मी वाचून काढलं. भारतातल्या निम्म्याहून जास्त लोकांची आईकडची ओळ एम या मोठ्या गटातच मोडते. हजारो वर्षांमागची वाट कळली, पण भाट्यातली पोर काही सापडली नाही. त्या अहवालात टक्केवारीही होती, अमुक टक्के इकडचे, तमुक टक्के तिकडचे. ती त्या कंपनीपाशी ज्यांचे नमुने आहेत त्यांच्याशी ताडून काढलेली असते. त्यावरून कुणी जातीचा, शुद्ध रक्ताचा गर्व करायला लागलं तर त्यांना साधा हिशेब सांगा. दहा पिढ्या मागे गेलं की प्रत्येकीच्या वंशवृक्षात १,०२४ जागा होतात. आईकडची सरळ ओळ त्यातली फक्त एक. उरलेल्या १,०२३ जणांची शुद्धता कोण तपासणार?

तर लाळेने नाव सांगितलं नाही, फोटोनेही सांगितलं नाही. ते सांगितलं एका म्हातारीने. आजीची एक मावसबहीण याच गावात एका वाडीत असते, नव्वदी ओलांडलेली, असं कळलं. मी फोटो घेऊन गेले. तिने तो डोळ्यांपाशी नेला, दूर धरला, आणि म्हणाली, "ही येसू. माझी मावशी. दहाव्या वर्षी लग्न होऊन खाडीपलीकडे गेली. तेव्हा पूल कुठला? तरीतून गेली. आईला सोडेना म्हणून तिला उचलून होडीत घातली होती म्हणे." येसू! सहकुटुंब नाही, वहिनी नाही, लक्ष्मी नाही. येसू.

मी निघणार, तेवढ्यात म्हातारीचं बोट फोटोच्या डाव्या कडेला गेलं. "आणि ही गोदी." मी म्हटलं, "कोण गोदी?" "तुझ्या पणजोबांची बहीण. बालविधवा. येसूची बाळंतपणं हिनेच काढली. येसू तापात गेली तेव्हा तुझी आजी चार वर्षांची. गोदीनेच वाढवली तिला. तुला कुणी सांगितलं नाही?"

कुणी सांगितलं नव्हतं. कारण ती 'कुणी नाही' होती.

मैत्रिणींनो, त्या दिवशी परतताना मी पुलावरून चालत गेले आणि माझ्या मनातला एक मोठा गोंधळ सुटला. इतके दिवस मी आईच्या ओळीचा अभिमान धरून बसले होते. बापाच्या रक्ताऐवजी आईचं रक्त, एवढाच बदल माझ्या मनात झाला होता. पण गोदावरीचं विरजण पुढे गेलंच नाही. जगातली कुठलीही प्रयोगशाळा माझ्या लाळेत गोदावरी शोधून काढू शकणार नाही. आणि तरी ती नसती तर आजी जगली नसती, आई नसती, आज मी इथे उभी नसते. मूलबाळ नसलेल्या, नवऱ्याने टाकलेल्या, दुसऱ्यांची मुलं वाढवलेल्या, दत्तक घेतलेल्या, चळवळीत आयुष्य घातलेल्या किती बायका आपल्या मागे आहेत! रक्ताच्या हिशेबात त्या मावणार नाहीत. त्यांची नोंद फक्त आपणच ठेवू शकतो, नावाने.

हे भावनेचं काम आहे असं समजू नका, रोजच्या लढाईचं आहे. एकट्या आईच्या मुलाला जातीचा दाखला काढायचा तर वडिलांकडची वंशावळ मागतात, आणि बाप तर केव्हाच नाहीसा झालेला असतो. अशा वेळी सांगा की आंतरजातीय लग्नातून झालेलं मूल आईच्या समाजात, आईनेच वाढवलं असेल तर आईच्या जातीचा दावा पुराव्यानिशी करता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली म्हटलंय. अविवाहित आईला बापाचं नाव उघड न करता मुलाचं पालकत्व मिळू शकतं, हे २०१५ साली ठरलं. महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी नोंदीत मुलाच्या नावानंतर आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव असा क्रम आला आहे. आपल्या साऱ्यांच्या मागणीला आलेलं हे फळ आहे, पण ते एका पिढीपुरतं आहे. आणि वारसनोंदीच्या वेळी वंशावळीत बहिणींची नावं आहेत ना, हे तलाठ्याकडे जाऊन डोळ्यांनी बघा. कोकणात जमिनीला भाव आल्यापासून बहिणी एकतर हक्कसोडपत्रावर सही करताना आठवतात, नाहीतर आठवतच नाहीत.

घरी गेल्यावर एवढंच करा. भिंतीवरचे, ट्रंकेतले जुने फोटो काढा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला शेजारी बसवा. फोटोतल्या प्रत्येक बाईचं माहेरचं नाव, गाव, ती काय काम करायची, कशाने गेली ते विचारा आणि मऊ पेन्सिलीने मागे लिहा. ज्यांच्या घरी फोटो नाहीत, आणि कष्टकऱ्यांच्या घरी ते कुठून असणार, त्यांनी वहीत लिहा. कडेला कापलेली, दाराआड उभी असलेली बाई दिसली तर तिचं आधी विचारा. उशीर करू नका. मी भेटून आल्यावर पाच महिन्यांत ती म्हातारी गेली. आणखी पाच महिने थांबले असते तर येसू आणि गोदावरी दोघी कायमच्या 'सहकुटुंब' झाल्या असत्या.

आमच्या त्या फोटोच्या मागे आता तीन नावं आहेत. सकाळी तुम्ही कागदावर जी जागा रिकामी सोडलीत, ती पुढच्या शिबिराला येताना भरून आणा. आणि त्याखाली तुमच्या गोदावरीसाठी आणखी एक ओळ आखून ठेवा.